झोपलेल्या मुलीचं चित्र

"झोपलेल्या मुलाचं चित्र काढायचं नाही. माझं एवढं एक ऐका," हेरवाडे बाई म्हणाल्या आणि माझ्या हातातला खोडरबर घेऊन त्यांनी खिडकीतल्या वाटीत टाकला. वाटीत आधीचेही खोडरबर होते, कुरतडलेले, शाईनं माखलेले, एकाला तर चक्क टिकली चिकटवलेली.

मला हसू आलं. त्याच सकाळी सासूबाई मला हेच म्हणाल्या होत्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. माझी रेवू झोपली होती आणि मी तिच्या छातीवर नजर लावून बसले होते. श्वास चालतोय ना, एवढंच बघत होते. ती जन्मल्यापासून मला ती खोडच लागली होती. आत्या म्हणाल्या, "झोपल्या पोराकडं असं टक लावून बघू नये गं. आईचीच नजर आधी लागते." आणि आता या बाई, चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या, त्याही तेच सांगत होत्या. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली मी. मान हलवली आणि सोडून दिलं. लग्न झाल्यापासून मान हलवायचा सराव चांगला झाला होता.

कुरुंदवाडला घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत बाईंचं घर होतं. मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या एकट्याच राहत. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की गावातल्या मुली त्यांच्याकडे शिकायला यायच्या. त्या मुलींच्या रांगेत, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन, मी बसले होते. मुली आपसात कुजबुजत होत्या. "काकू पण परीक्षेला बसणार?"

"काकूंना परीक्षेपेक्षा अवघड काम आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या फुलदाणीकडे बघा."

काम खरंच अवघड होतं. मला वनविभागात नोकरी लागली होती आणि पहिली नेमणूक एटापल्लीला, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. दिवाळी झाली की रुजू व्हायचं. रेवू दोन वर्षांची. ती आत्यांजवळ राहील असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, त्या सगळ्यांत मीही होते. तिथं मोबाईलला रेंज असली तर असते, पावसात रस्ते बंद होतात, येणंजाणं सहा-सहा महिन्यांनी.

कागदपत्रं तपासायला नागपूरला गेले होते, तेव्हाची गोष्ट. मी डोळे मिटून रेवूचा चेहरा आठवायला बघितला आणि आठवले ते फोटो. नाकाला केक लागलेला, टोपडं घातलेला, नवऱ्याच्या, भरतच्या खांद्यावरचा. मोबाईलमध्ये तिचे इतके फोटो होते की त्यात तीच सापडेना. मी घाबरले. कॉलेजात प्रॅक्टिकलला ज्या पानाची आकृती मी स्वतःच्या हातानं काढली, ते पान आजही रस्त्यात दिसलं तर ओळखते. नुसती बघितलेली शेकडो पानं विसरले. म्हणून वाटलं, निघण्याआधी रेवूचं एक चित्र माझ्या हातानं काढायचं. ती माझ्या हाताला पाठ व्हायला हवी.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत चेहरा येणार नाही. रेघ येईल. रेघ आली तर चेहऱ्याचं बघू."

आणि मग ते, झोपलेल्या मुलाचं.

बाईंनी कागदावर लांब लांब दोन ठिपके दिले. "या ठिपक्यातून निघा आणि त्या ठिपक्यात पोचा."

मी जपून, थोडी थोडी जोडत रेघ नेली.

"ही रेघ आहे का सुरवंट?"

मुली खिदळल्या. खरंच, रेघेला बारीक बारीक केस फुटले होते. "भीत भीत काढलं की अशी केसाळ रेघ येते," बाई म्हणाल्या. "तुम्ही पेन्सिलीच्या टोकाकडे बघताय. टोक कुठं आहे ते टोकाला ठाऊक असतं. तुम्ही जिथं पोचायचं तिथं बघा. आणि हात मनगटातून हलवू नका, खांद्यातून आणा. सारवताना हात कुठून फिरतो?"

"मी कधी सारवलं नाही, बाई."

"फरशी तरी पुसली असेल."

बाईंची एक रीत होती. पेन्सिल लगेच टेकवायची नाही. आधी कागदाच्या वर, हवेतच, या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत हात फिरवायचा. पुन्हा फिरवायचा. वाट अंगात मुरली की त्याच झोक्यात टोक खाली टेकवायचं आणि थांबायचं नाही.

"आणि चुकली तर?" माझा हात वाटीकडे जायचा.

"तर राहू द्या. शेजारून दुसरी काढा. पहिली दिसत असते म्हणून दुसरी नीट जाते. पहिली पुसलीत तर दुसरी पुन्हा तिथंच चुकेल."

घरी सरावाला रद्दी. वर्तमानपत्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, बातम्यांवरून आडव्या, तिरप्या रेघा. मग गोल. आधी बांगडीएवढा, मग ताटाएवढा. काढून झाला की त्यावर बांगडी ठेवून बघायचं, कुठं फुगला, कुठं दबला. भरत सूतगिरणीतून आला की पेपर उघडायचा आणि म्हणायचा, "राजीनामा कुणी दिला ते तुझ्या रेघेखाली गेलंय. जरा आधी वाचू देत जा." आत्या म्हणायच्या, "राहू दे रे. जायच्या आधी काय करायचं ते करू दे तिला." मग आमच्या घरातले शेंगदाणे आणि चिंचा गल्लीभर रेघांच्या पुड्यांतून जायला लागल्या.

गणपती झाले, दसरा आला. रेघेचे केस गळले. एका दमात, टोकाकडे न बघता, मी त्या ठिपक्यात जाऊन पोचायला लागले. पोचल्यावर छातीत काहीतरी सुटं व्हायचं. दिवसभर गॅसचं बटण चार वेळा बघणाऱ्या मला हे नवीन होतं.

आता रेवू. तिला पाटावर बसवलं, हातात चुरमुऱ्यांची वाटी दिली. कपाळाची रेघ काढून नाकापाशी आले, तर नाक दुसरीकडे. ती उठून आली, कागदावर बसली, पेन्सिल मागायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या कागदावर स्वतःच एक मोठा गुंता काढला आणि म्हणाली, "भूभू." दिवस जात होते. आत्यांनी माझ्या बॅगेत चटण्यांच्या बरण्या भरायला घेतल्या होत्या.

मग एका दुपारी रेवू झोपली आणि मी बोर्ड घेऊन तिच्या उशाशी बसले. किती सोपं होतं ते. ती तिथंच होती, हलत नव्हती. हात लांब धरून पेन्सिलीवर अंगठ्यानं मोजायचं, कपाळ एवढं, नाक तेवढं. हवेत हात फिरवायचा आणि टेकवायचा. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच रेघ आली. मी पुन्हा काढलं, दुसऱ्या दुपारी पुन्हा. पापण्यांच्या दोन कमानी तर अशा आल्या की मीच बघत राहिले.

आत्या चहाचा कप घेऊन आल्या, वाकून बघितलं. "गोड काढलंस बाळ," म्हणाल्या. "कुणाचं गं?"

चष्मा घातलेला नसेल, असं मला वाटलं.

बाईंना दाखवायला गेले तेव्हा परीक्षा संपल्या होत्या, मुली यायच्या बंद झाल्या होत्या. आत्या नांदणीला बारशाला गेल्या होत्या, म्हणून रेवूही बरोबर होती. बाईंनी चित्र खिडकीपाशी नेलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"रेघ आली," त्या म्हणाल्या.

हेच ऐकायला मी इतके दिवस वर्तमानपत्रं खराब केली होती. पण त्यांचा आवाज काही वेगळाच होता.

"मापही बरोबर आहे. कान जागेवर आहे. शाळेत असतात तर बोर्डावर लावलं असतं." त्यांनी चित्र खाली ठेवलं. "पण मी नको म्हटलं होतं."

"बाई, नजरबिजर मी मानत नाही. आणि जागी असताना ती बसते कुठं? मला पुढच्या आठवड्यात निघायचंय."

"नजरेचं कोण बोललं?" बाई म्हणाल्या.

बाई चहा ठेवायला आत गेल्या. रेवू खोलीभर हिंडली, वाटीतले खोडरबर जमिनीवर ओतले, परत भरले, पुन्हा ओतले. चहा होईपर्यंत तिथंच चटईवर एक खोडरबर मुठीत धरून झोपून गेली. माझी नजर सवयीनं तिच्या छातीकडे गेली.

बाईंनी कप माझ्यापुढे ठेवला. माझा बोर्ड उचलला, त्यावर कोरा कागद लावला. "बघा," म्हणाल्या.

त्यांना चित्र काढताना मी कधी बघितलं नव्हतं. शिकवताना त्या ठिपके द्यायच्या, फार तर एखादी रेघ. आता त्यांनी रेवूकडे एकदा बघितलं, हात हवेतून एकदाच फिरला आणि टेकला. मग तो थांबला नाही. कपाळ, गाल, मान, खांदा, दुमडलेला हात, सगळं एकाच रेघेतून सुटत गेलं, जसा लोकरीचा गुंडा उलगडावा. मी चहा प्यायची विसरले.

पेन्सिल उचलली गेली तेव्हा मी वाकून बघितलं. चित्रातल्या मुलीच्या तोंडात अंगठा होता. मानेवर एक घट्ट वेणी होती, टोकाला रिबीन. तिचा एक कान थोडा पुढं आलेला होता.

माझ्या रेवूचे केस तेव्हा जेमतेम कानापर्यंत होते. ती अंगठा कधी चोखायची नाही. आत्ताही तिच्या मुठीत खोडरबर होता.

"बाई," मी हळूच म्हणाले, "ही रेवू नाही."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि कागदाकडे बघितलं. जणू दुसऱ्याच कुणी काढलेलं तपासायला आलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नलू आहे."

"नलू कोण?"

"माझी मुलगी."

या घरात कधी मुलगी होती, हे मला ठाऊकच नव्हतं. भिंतीवर फोटो नव्हता, बोलण्यात नाव नव्हतं.

"हे लवकर गेले," बाई म्हणाल्या. "मग मी सकाळची शाळा, दुपारचे वर्ग, परीक्षेच्या दिवसांत जयसिंगपूरलासुद्धा जायची. शेजारच्या मावशी तिला जेवू घालायच्या. मी यायची तेव्हा ती झोपलेली असायची. उठवायचं कशाला, म्हणून शेजारी बसून काढायची. हलत नव्हती ना. फार चांगली मॉडेल होती. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, की बाई, तुमची रेघ कुणावर बसली. तिच्यावर बसली. दोन वर्षांची होती तेव्हापासून पार दहावीपर्यंत. झोपलेली नलू मी डोळे मिटूनही काढते. आत्ता बघितलंत ना, समोर दुसरं मूल असलं तरी तीच येते."

"आणि जागी?"

बाईंनी कागदावर, चित्राच्या बाजूला, मोकळ्या जागेत एक डोळा काढला. छान डोळा होता, पापणीसकट. "हा कुणाचा?" त्यांनी विचारलं. "सांगा. शाळेच्या पुस्तकातला आहे. तिचा मला येत नाही. बुबुळ जरा वर असायचं का मधोमध? हसताना बारीक व्हायचे का? मी काढायला बसते आणि कुणाचाही येतो."

"आता कुठं असतात त्या?"

"बारावीनंतर गेली शिकायला. मग नोकरी, मग लग्न. भांडण वगैरे काही नाही हो. भांडायला तरी ओळख लागते. दिवाळीला फोन येतो. बरी आहेस ना, म्हणते. मी म्हणते, बरी आहे."

"त्यांना बोलवून घ्या ना, बाई."

"आणि आली की काय सांगू? बस समोर, तुझे डोळे बघायचे राहिलेत?"

रेवू चुळबुळली. माझा हात तिला थोपटायला गेला, तशी बाई म्हणाल्या, "नका. उठू दे. बोर्ड घ्या."

"ती पळेल."

"पळू दे. जेवढी सापडेल तेवढी. कागदाकडे अजिबात बघायचं नाही. हात आता शहाणा झालाय, त्याचं तो बघेल. तुम्ही फक्त तिच्याकडे बघा."

रेवू उठून बसली. झोपेतून उठल्यावर मुलं काही क्षण कुठं आहोत ते शोधत असतात, तशी. गालावर चटईची नक्षी उठली होती. तिनं बाईंकडे बघितलं, ओळख पटेना, मग खिडकीकडे, मग मी दिसले. मी दिसले तेव्हा तिच्या डोळ्यांचं जे झालं ते मी त्याआधी हजारदा बघितलं असेल. पण त्या प्रत्येक वेळी मी तिला काही दुखतंय का, भूक लागली का, ताप तर नाही ना, हे बघत होते. माझा हात चालत होता. एक रेघ चुकली, मी शेजारून दुसरी काढली. तीही चुकली. तिसरी. रेवू उठून माझ्याकडे यायला लागली, जवळ जवळ येत मोठी होत गेली, आणि मी तिला येताना काढत राहिले, ती मांडीवर येऊन धडकेपर्यंत.

"आई," ती म्हणाली आणि मुठीतला खोडरबर माझ्या हातात दिला.

बाई हसल्या. "आता मिळाला तर उपयोग काय त्याचा."

मग मी कागदाकडे बघितलं. हनुवटी तीनदा काढलेली. एक कान भलतीकडेच. डोकं एका बाजूनं फुगलेलं, बांगडी ठेवली असती तर कुठंच बसली नसती. आणि त्या सगळ्या रेघांच्या जंजाळातून रेवू माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी आत्या बारशाहून आल्या. चित्र टेबलावर होतं. मी काही बोलले नाही, पोळ्या करत राहिले. त्या टेबलापाशी गेल्या, उभ्या राहिल्या. मग देवघरातून काजळाची डबी आणली, करंगळी बुडवली आणि कागदावरच्या गालाला, जिवणीच्या जरा बाजूला, तीट लावली.

"अश्शी बघते गं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

ते चित्र एटापल्लीच्या क्वार्टरमध्ये माझ्या कॉटच्या समोर दोन वर्षं होतं. पहिल्याच पावसाळ्यात ओल येऊन कागद फुगला, पण तीट गेली नाही. जंगलातून आले की मी बूट काढायच्या आधी त्याच्याकडे बघायची. डोळे मिटले तरी हाताला ती रेघ आठवायची, खांद्यातून. रडू यायचं ते वेगळं. पण तिचा चेहरा हरवला असं पुन्हा झालं नाही. सुट्टीत घरी गेले की रेवूची पहिली नजर परकी असायची. मी समोर नुसती बसायची, दुसरी येईपर्यंत.

नंतर माझी बदली यवतमाळला झाली, भरतनं नोकरी बदलली, आत्याही आमच्याकडे आल्या. कुरुंदवाडचं घर बंद झालं. बाईंचा आणि माझा फोन असायचा. शेवटच्या फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "हात कापतो हो आता. पुन्हा सुरवंट व्हायला लागलेत." मी म्हटलं, मग चुकलेली राहू द्या, शेजारून दुसरी काढा. त्या खूप वेळ हसल्या.

त्यानंतर नदीला मोठा पूर आला. घाटाकडची गल्ली छपरापर्यंत पाण्यात गेली. बाईंचा फोन बंद लागायला लागला तो लागलाच नाही. मी सुट्टी काढून गेले. घराला कुलूप होतं, भिंतीवर पाण्याची रेघ होती, एका दमात ओढावी तशी, सरळ. शेजारच्यांनी सांगितलं, पाणी चढायच्या आदल्या दिवशी कुणी एक बाई गाडी घेऊन आली आणि हेरवाडे बाईंना घेऊन गेली. कोण, कुठली, गडबडीत कुणी विचारलं नाही. बाईंनी बरोबर काय नेलं, म्हणून मी विचारलं. "काही नाही. पेन्सिलींची पिशवी आणि थोडी रद्दी," ते म्हणाले. "आता रद्दी कोण नेतं पुरातून?"

रेवू आता आठ वर्षांची आहे. चित्र काढते, धीट काढते, खोडरबर लागत नाही तिला. अलीकडे मी तिच्यासमोर बसले की म्हणते, "काय बघतेस गं सारखी?"

तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत, मागच्या काही वर्षांत कुणी म्हातारी बाई लेकीकडे राहायला आली आहे का, जरा बघाल? ताठ बसते, चष्मा पदरानं पुसते. रद्दीवाला येईल तेव्हा जिन्यातला गठ्ठा एकदा बघा. वर्तमानपत्रांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पेन्सिलीच्या रेघा असतील, आता कदाचित थोड्या केसाळ. असल्या तर त्या घराची बेल वाजवा. दार उघडेल ती नलू असेल. तिला माझं नाव सांगू नका, काही सांगू नका. फक्त एवढंच म्हणा की दुपारी कामं जरा बाजूला ठेवून आईसमोर बसत जा, थोडा वेळ, जागी.

आणि बाई बऱ्या आहेत का, तेवढं बघा.